विमानाच्या पोटातले पाणी

प्रवासी विमानाच्या पोटाला भोके असतात. विमानाखाली जाऊन वर पाहिले तर पत्र्याच्या मध्यरेषेच्या आसपास ठरावीक अंतराने ती दिसतात, आणि काहींच्या तोंडापासून मागे गेलेले वाळलेल्या पाण्याचे ओघळही दिसतात. अकरा किलोमीटर उंचीवर ज्या कवचात दाबाखालची हवा कोंडून ठेवायची, त्याच कवचाला अगदी तळाशी मुद्दाम भोके ठेवायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. पण ती नसती तर विमानाचे आयुष्य कितीतरी कमी झाले असते. विमानाच्या धडात पाणी येते, रोज येते आणि ते येणे पूर्णपणे थांबवता येत नाही. त्याला बाहेर जायला वाट हवी, ती वाट वरच्या छतापासून खालच्या भोकापर्यंत सलग हवी आणि विमान सेवेत आहे तोपर्यंत मोकळी राहायला हवी. निचऱ्याला देखभालीच्या यादीतले किरकोळ काम समजण्याची सवय सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तो पंखांच्या जोडाइतकाच विमानाच्या मजबुतीचा भाग आहे, आणि तो बिघडतो तेव्हा दोष बहुधा भोकात नसतो. एकाची जबाबदारी संपून दुसऱ्याची सुरू होते त्या सांध्यात असतो. गेल्या चार-साडेचार दशकांतले अपघात आणि त्यानंतर बदललेले नियम पाहिले की हे स्पष्ट होते.

आधी पाणी येते कुठून ते पाहू. त्याचा मुख्य स्रोत खुद्द प्रवासी आहेत. माणूस नुसता बसून असला तरी श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात १८० प्रवासी आणि दोन तासांचे उड्डाण धरले तर हा हिशेब १८ लिटरांवर जातो. यातली बरीचशी वाफ केबिनच्या हवेबरोबर आउटफ्लो व्हॉल्व्ह या हवा सोडणाऱ्या झडपेतून बाहेर निघून जाते. म्हणूनच केबिनमधली आर्द्रता १० ते २० टक्क्यांच्याच घरात राहते आणि प्रवाशांचे ओठ सुकतात. मग इतक्या कोरड्या हवेतून पाणी सुटते कसे? उत्तर पत्र्याच्या तापमानात आहे. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० ते ५५ अंश सेल्सियस असते. वेगामुळे पत्रा किंचित तापतो, तरीही तो उणे ३० च्या आसपासच राहतो. २२ अंश तापमानाच्या आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू उणे ५ अंशांच्या जवळपास येतो. म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी हवासुद्धा त्या पत्र्याला लागली की तिच्यातले पाणी सुटणारच, आणि तिथल्या थंडीत ते थेंब न होता थेट हिम होऊन चिकटणार.

ही हवा पत्र्यापर्यंत पोचू नये म्हणून पत्रा आणि केबिनच्या पॅनेलांमध्ये काचतंतूंची इन्सुलेशन ब्लँकेट लावलेली असतात आणि त्यांच्यावर पातळ प्लास्टिकचे आवरण असते. पण ही ब्लँकेट सलग नसतात. फ्रेम, वायरींचे जुडगे, पाइप, खिडक्या, सामानाच्या कप्प्यांचे आधार या सगळ्यांना वाट देत ती तुकड्यातुकड्यांनी बसवलेली असतात, आणि दुरुस्तीसाठी कितीदा तरी काढून परत लावली जातात. प्रत्येक फटीतून केबिनची हवा मागे शिरते. पत्र्याला लागून ती थंड होते, जड होते आणि पत्र्यालगत खाली घसरते. तिची जागा घ्यायला छताकडून नवी हवा ओढली जाते. त्यामुळे उड्डाण सुरू आहे तोवर हा प्रवाह थांबत नाही आणि हिमाचा थर वाढत राहतो. विमान उतरू लागले, खालच्या उबदार हवेत आले की थर वितळतो. छतावरचे पाणी काही वेळा पॅनेलांच्या सांध्यातून थेट प्रवाशांच्या डोक्यावर टपकते आणि एअर कंडिशनर गळतो आहे असा लोकांचा समज होतो. जे टपकत नाही त्यातले काही ब्लँकेटमध्ये मुरते, बाकीचे पत्र्यावरून खाली उतरते. दाटीवाटीने बसवलेल्या जागा, भरलेले विमान आणि दिवसभर कमी विश्रांतीची उड्डाणे यांनी हे पाणी वाढते, कारण वाफ जास्त सुटते आणि दोन उड्डाणांमध्ये पत्रा सुकायला वेळ मिळत नाही.

दुसरे पाणी माणसाच्या हाताने येते. गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, चहा-कॉफीची यंत्रे, बर्फाचे खण, सिंक आणि पाण्याच्या नळ्या असतात. शौचालयात बेसिन असते, जमिनीवर पाणी सांडते. दारे उघडी असताना पाऊस आत येतो. मालकक्षात भिजलेल्या बॅगा, बर्फात घातलेली मासळी, फुले, भाज्या येतात. दवाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. हे पाणी तसे नसते. फळांच्या रसातले आम्ल, शौचालयातली रसायने, माशाच्या पेटीतले मीठ त्यात असते, आणि ॲल्युमिनियमला तेच सर्वांत जास्त जाचते. विमानाच्या पत्र्यासाठी वापरला जाणारा २०२४ क्रमांकाचा मिश्रधातू तांब्यामुळे बळकट होतो. पण त्याच तांब्यामुळे ओल आणि मीठ मिळाले की त्याच्या कणांच्या सीमांवरून क्षरण आत घुसते. वरून रंग शाबूत दिसतो आणि आतला धातू पापुद्र्यासारखा सुटत जातो. म्हणून गॅली आणि शौचालयांच्या खालच्या तुळया, दरवाज्यांचे उंबरठे आणि मालकक्षाखालचा तळ या तीन जागा जुन्या विमानाच्या मोठ्या तपासणीत नेहमी आधी उघडल्या जातात.

आता हे पाणी बाहेर जाते कसे ते पाहू. धडाच्या आत आडव्या दिशेने गोल फ्रेम असतात आणि लांबीच्या दिशेने, पत्र्याला रिव्हेटने जोडलेले, स्ट्रिंजर नावाचे कमी रुंदीचे बांधणी-पट्टे असतात. पाण्याच्या दृष्टीने प्रत्येक स्ट्रिंजर हा एक बांध आहे. छताकडून येणारे पाणी त्याच्यावर अडते, त्याच्या काठाने फ्रेमपर्यंत जाते आणि तिथल्या खाचेतून खाली उतरते. खालच्या अर्ध्या भागात पत्रा आतल्या बाजूने वळतो. तिथे स्ट्रिंजरच्या बेचक्यात पाणी साचू शकते, म्हणून त्यांच्यात मुद्दाम भोके ठेवावी लागतात. शेवटी सगळे पाणी मालकक्षाच्या जमिनीखालच्या तळात येते; जहाजाप्रमाणे विमानातही या भागाला बिल्ज म्हणतात. इथेही पत्र्याचे जोड आणि पट्ट्या यांमुळे लहान लहान खळगे होतात. त्यांत सीलंटसारखे भरण घालून पृष्ठभाग असा केला जातो की पाणी त्या खळग्यात न थांबता भोकाकडेच वाहील. हे काम आराखड्यात एका ओळीचे दिसते, पण त्याचे मोल मोठे आहे. भोक खळग्याच्या तळापासून दोन-तीन मिलिमीटर जरी वर राहिले तरी तेवढे पाणी तिथे कायमचे राहते, आणि वर्षानुवर्षे ओला राहिलेला पत्रा भरपूर भिजून लगेच सुकणाऱ्या पत्र्यापेक्षा फार लवकर खराब होतो.

भोकाच्या तोंडाशी खरा पेच आहे. उड्डाणात केबिनचा दाब बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला आठ-नऊ पौंडांनी जास्त असतो. भोके उघडी राहिली तर प्रत्येकातून हवा सुसाट बाहेर पडेल. म्हणून दाबाखालच्या भागातल्या भोकांना झडपा असतात. झडप स्प्रिंगने उघडी राहते. केबिनमध्ये दाब चढू लागला की तोच दाब तिला ढकलून बंद करतो आणि दाब उतरला की ती पुन्हा उघडते. तिला वीज लागत नाही, वैमानिकाला बटण दाबावे लागत नाही. शेपटीकडचा भाग, चाकांची घरे, पंख आणि धड यांच्या सांध्यावरची आवरणे या दाबाबाहेरच्या जागांना साधी उघडी भोके पुरतात. या योजनेतली खरी हुशारी वेळेच्या जुळणीत आहे. उंचीवर असताना पत्र्यावरचे पाणी गोठलेले असते, त्यामुळे झडप बंद असली तरी बिघडत नाही. विमान खाली येते तेव्हा हिम वितळते आणि जमिनीवर दाब सुटल्यावर झडपही उघडते. अमेरिकेच्या विमान-रचना नियमांतले कलम २५.६०९ सांगते की रचनेच्या प्रत्येक भागाला क्षरणापासून संरक्षण हवे आणि जिथे गरज असेल तिथे हवा खेळण्याची व निचऱ्याची सोय हवी. युरोपच्या नियमांतही याच क्रमांकाची तशीच तरतूद आहे. म्हणजे निचऱ्याची गणना नियमांनीच संरक्षणात केलेली आहे, सोयीत नाही.

गॅली आणि बेसिनचे सांडपाणी मात्र उड्डाण सुरू असतानाच बाहेर टाकले जाते. विमानाच्या पोटाखाली लहान पंखासारखे जे दोन-तीन उंचवटे दिसतात ते ड्रेन मास्ट. आतल्या आणि बाहेरच्या दाबातल्या फरकाने पाणी त्यातून बाहेर फेकले जाते आणि वेगवान हवेत त्याचे तुषार होतात. मास्टमध्ये तापक नसेल तर पाणी तोंडाशीच गोठेल. म्हणून त्यात विजेचा तापक असतो आणि जमिनीवर तो कमी शक्तीने चालतो, म्हणजे खाली काम करणाऱ्याला भाजू नये. गोठू शकणारे द्रव बाहेर टाकताना विमानावर धोकादायक प्रमाणात बर्फ साचू नये, असे कलम २५.१४५५ बजावते. शौचालयाची घाण या वाटेने जात नाही. आजची शौचालये हवेच्या ओढीवर चालतात. साधारण १६,००० फुटांवर गेल्यावर बाहेरचा कमी दाबच मैला टाकीकडे खेचायला पुरतो, त्याखाली ओढ निर्माण करायला यंत्र लागते. टाकी जमिनीवरच, बाहेरच्या झडपेला नळी लावून रिकामी होते. उड्डाणात ती रिकामी करण्याची सोयच विमानात नसते.

तरी आकाशातून निळसर बर्फाचे गोळे पडल्याच्या बातम्या येतात, त्या खोट्या नाहीत. जुन्या पद्धतीच्या शौचालयांत निळे रसायन फिरत असे, आणि बाहेरच्या झडपेचे रबर खराब झाले की ते झिरपून पत्र्यावर गोठत असे. १९८५ आणि १९९० मध्ये अमेरिकेत बोइंग ७२७ विमानांच्या पुढच्या शौचालयातून झिरपलेला असा बर्फ सुटून मागे गेला, उजव्या इंजिनात शिरला आणि दोन्ही वेळा इंजिन विमानापासून तुटून पडले. दोन्ही विमाने सुखरूप उतरली. भारतात दिल्ली विमानतळाजवळच्या घरांवर विमानांतून घाण पडते अशी तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये लवादाने अशा विमान कंपन्यांकडून ५०,००० रुपये पर्यावरण भरपाई घ्यावी आणि उतरलेल्या विमानांच्या टाक्या अचानक तपासाव्यात असा आदेश दिला. तक्रारीमागची चीड समजण्यासारखी आहे. पण या उपायाचे लक्ष चुकीच्या जागी गेले. टाकी हवेत रिकामी करताच येत नाही, तेव्हा टाकी रिकामी आहे का हे पाहून फारसे कळत नाही. पाहायला हवे ते बाहेरच्या झडपेचे रबर, तिचे झाकण आणि पत्र्यावर मागे गेलेला निळा डाग. निचऱ्याच्या प्रश्नात आपण पाण्याचा साठा पाहतो आणि वाट पाहायची राहते. हीच चूक याहून महागात पडलेली उदाहरणे पुढे आहेत.

२२ ऑगस्ट १९८१ रोजी तैवानच्या फार ईस्टर्न एअर ट्रान्सपोर्टचे बोइंग ७३७ तैपेईहून काओशुंगला निघाले आणि काही मिनिटांत हवेतच फुटले. विमानातले सर्व ११० जण मृत्युमुखी पडले. चौकशीत धडाच्या खालच्या भागात क्षरणाने खूप झीज झाल्याचे आढळले. पत्रा कणांच्या सीमांवरून पापुद्रे सुटून पातळ झाला होता, ठिकठिकाणी खड्डे आणि भेगा होत्या, काही ठिकाणी तर आरपार भोके पडली होती. या विमानातून मासळीची वाहतूक होत असे. तिच्यातून गळलेले खारे पाणी तळात जाऊन बसले असावे, असे कारण पुढे मांडले गेले. विमानाने इशाराही दिला होता. त्याच महिन्यात, आणि त्याच दिवशीच्या आधीच्या उड्डाणात, केबिनचा दाब टिकेना म्हणून विमान परतले होते. दाब गेला याचा अर्थ हवेला कुठून तरी वाट सापडली होती. हवेची गळती शोधताना पत्राच किती उरला आहे असा प्रश्न कुणाला पडला असता, तर पुढचे टळले असते. मालवाहतूक करणारे, दाब सांभाळणारे आणि सांगाडा तपासणारे या तिघांकडे तीन तुकडे होते. ते एकत्र कधी ठेवले गेले नाहीत.

सात वर्षांनी, २८ एप्रिल १९८८ रोजी, हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचे पुढचे छप्पर उड्डाणातच उडाले. एका हवाई सेविकेचा जीव गेला. वैमानिकांनी विमान उतरवले म्हणून बाकीचे वाचले. त्या विमानाने ८९,६८० उड्डाणे केली होती, तीही समुद्रावरून, लहान अंतराची. पत्र्यांच्या जोडात लावलेला गोंद ओलीने सुटला होता. गोंदाने वाहायचा भार रिव्हेटांवर आला आणि एकाच ओळीतल्या अनेक भोकांपाशी एकदम भेगा पडल्या. इथे दोष तळातल्या भोकाचा नव्हता, हे खरे. ओल जिथे शिरली तिथून तिला परतीची वाट नव्हती, एवढेच इथले सूत्र आहे, आणि तेच तैवानच्या अपघाताचेही आहे. या अपघातानंतर जुन्या विमानांसाठी क्षरण रोखण्याचा आणि नियंत्रणाचा सक्तीचा कार्यक्रम आला. त्यात सांगाड्याचा प्रत्येक भाग ठरलेल्या मुदतीत उघडायचा, साफ करायचा, ओल हाकलणारे तेलकट संरक्षक फवारायचे, निचऱ्याची भोके मोकळी आहेत हे पाहायचे आणि सापडलेल्या क्षरणाला तीनपैकी एक पातळी द्यायची असते. पहिल्या पातळीपलीकडे क्षरण वारंवार सापडू लागले तर मुदत कमी करावी लागते. विमान ज्या हवामानात उडते त्याच्यानुसार तपासणी घट्ट करण्याची सोय या कार्यक्रमात मुळातच आहे. ती वापरायची की नाही, हे उडवणाऱ्याच्या हातात आहे.

पाणी फक्त धातूच खाते असे समजून चालत नाही. ७ जानेवारी २००८ रोजी लंडनहून बँकॉकला जाणाऱ्या क्वांटासच्या ७४७-४०० विमानात उतरण्याच्या वेळी चारपैकी तीन विद्युत मार्ग बंद पडले. विमानात ३६५ माणसे होती. पुढच्या गॅलीचा निचरा तुंबून वर आलेले पाणी जमिनीखाली उतरले होते. खाली मुख्य विद्युत कक्ष होता आणि त्याच्यावर पाणी अडवण्यासाठी छतासारखे आवरणही होते. पण त्या आवरणाला भेगा होत्या, आणि पाणी नेमके जनित्रांच्या नियंत्रकांवर ठिबकले. विमानतळ जवळ होता म्हणून बॅटरीवर सुखरूप उतरता आले. भर समुद्रावर हे घडले असते तर ती बॅटरी किती पुरली असती, हा प्रश्न चौकशीतही गंभीरपणे घेतला गेला. या घटनेत एकही भाग स्वतःहून जीवघेणा नव्हता. तुंबलेला निचरा म्हणजे केबिन विभागाची तक्रार, भेगाळलेले आवरण म्हणजे सांगाडा विभागाची नोंद, नियंत्रक म्हणजे विद्युत विभागाचे यंत्र. पाण्याला हे विभाग ठाऊक नसतात. ते उतार पाहून जाते, आणि बहुतेक विमानांत पुढच्या गॅलीखाली, दाराच्या आसपास, हाच विद्युत कक्ष असतो. २०१९-२० मध्ये एअरबस ए३५० च्या कॉकपिटमध्ये पेय सांडून इंजिन बंद पडण्याच्या दोन घटना घडल्या. त्यानंतर युरोपच्या नियामकाने कॉकपिटच्या त्या भागाजवळ द्रव नेऊ नये आणि तिथे आवरण बसवावे, असे सांगितले. तेही याच प्रश्नाचे छोटे रूप आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो नव्या साहित्याचा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांची धडे कार्बन तंतूंच्या मिश्रसाहित्याची आहेत, त्यांना क्षरण होत नाही. मग निचऱ्याची चिंता जुन्या पिढीची झाली का? आक्षेपातले पहिले अर्धे विधान खरे आहे. त्याच जोरावर ७८७ च्या केबिनमध्ये दाब जास्त, म्हणजे ६,००० फुटांच्या उंचीइतका, आणि आर्द्रताही जास्त ठेवता येते. पण आर्द्रता जास्त म्हणजे हिम जास्त, आणि हिम वितळून होणारे पाणीही जास्त. त्या धडातही धातूचे बोल्ट आहेत, तुळया आहेत, आसनांचे रूळ आहेत. शिवाय कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलीत एकमेकांना लागले तर ॲल्युमिनियम आणखी लवकर खाल्ले जाते. म्हणून त्या जोडांत काचतंतूंचा थर किंवा टायटॅनियम घालावे लागते. मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांच्या पॅनेलांत पाणी शिरून गोठले की थर सुटू शकतात. आणि विजेच्या कक्षावर ठिबकणारे पाणी बाहेरचे कवच कशाचे आहे हे पाहून थांबत नाही. नव्या साहित्याने क्षरणाचा धोका कमी केला आहे, पण निचऱ्यावरचे काम वाढवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पाणी आल्यावर त्याला वाट देण्यापेक्षा ते येऊच नये असे का करू नये? त्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते चांगलेही आहेत. स्वीडनची सीटीटी सिस्टिम्स ही कंपनी छतामागच्या पोकळीत कोरडी हवा सोडणारी यंत्रणा बनवते, त्यामुळे ब्लँकेटमध्ये मुरणारे पाणी कमी होते आणि विमान तेवढे हलके राहते. छताच्या पॅनेलांवर टिपकागदासारखे शोषणारे जाड कापड लावतात, म्हणजे वितळलेले पाणी एकदम टपकत नाही. पण यातला कोणताही उपाय गॅलीतली फुटलेली नळी, दारातला पाऊस किंवा मासळीची पेटी यांना हात लावत नाही. आपल्याकडच्या सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्याने हा धडा दिलेलाच आहे. तिथे पाणी आणण्याच्या योजना झाल्या, शेतात पाट आले, निचऱ्याचे चर मात्र मागे राहिले आणि हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पाणी आवरणे हा उपाय आहेच, पण तो निचऱ्याची जागा घेऊ शकत नाही. जे येईलच त्याच्यासाठी वाट आधी लागते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पाण्यामुळे झालेले मोठे अपघात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, मग एवढा भर कशासाठी? हे अपघात कमी आहेत ते तपासण्यांमुळे कमी आहेत. तैवान आणि हवाईतल्या घटनांनंतर जे नियम झाले त्यांनी पुढची कित्येक विमाने वाचवली असतील. न झालेल्या अपघातांची यादी कुणी ठेवत नाही. शिवाय खर्चाचा हिशेबही याच बाजूने आहे. निचऱ्याचे भोक साफ करायला एक माणूस आणि काही मिनिटे पुरतात. तेच भोक ब्लँकेटचे धागे, धूळ, रिव्हेटचे चुरे किंवा चुकून लागलेले सीलंट यांनी वर्षभर बुजलेले राहिले, तर त्याच्याजवळची तुळई बदलायला गॅली उतरवावी लागते, जमीन उघडावी लागते आणि विमान दिवसेंदिवस हँगरमध्ये उभे राहते. दुरुस्ती करणारा अभियंता हे जाणतो. अडचण अशी की निचऱ्याचे काम देखभालीच्या कार्डावर बऱ्याचदा दुसऱ्या कामाच्या पोटात एका ओळीने येते, आणि वेळेची घाई झाली की पहिली गळते ती ही ओळ.

भारतासाठी हा प्रश्न जास्त निकडीचा आहे. मुंबई, गोवा, कोची, चेन्नई ही विमानतळे समुद्राच्या काठावर किंवा जवळ आहेत. पावसाळ्यात हवेत पाणी भरलेले असते आणि तेही खारे. उंचीवरून गारठून आलेला पत्रा या हवेत आला की बाहेरून घाम सुटल्यासारखा ओला होतो, आणि दारे उघडताच आत शिरलेली दमट हवा आतल्या बाजूनेही तेच करते. आपल्या देशी उड्डाणांत बहुतेक विमाने एकाच वर्गाच्या दाटीच्या आसनांची आहेत, दिवसात अनेक फेऱ्या करतात आणि बऱ्याचदा भरून उडतात. हिम वितळायला आपला उकाडा मदत करतो, हे मान्य. पण वितळलेले पाणी सुकायला कोरडी हवा लागते, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात तीच नसते. त्यात पश्चिम किनाऱ्यावरून मासळी विमानाने जाते. न गळणाऱ्या पेट्या आणि शोषक थर यांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, पण त्यांची अंमलबजावणी विमानतळाच्या मालधक्क्यावर होते, आणि तिथला माणूस विमानाच्या तळातल्या पत्र्याचा विचार करत नाही. त्याने तो करावा, यासाठी तसे सांगणारे कुणीतरी हवे.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात आणि देशात इतरत्र विमानांच्या मोठ्या तपासण्या करण्याची क्षमता आता उभी राहते आहे. ती वाढत असताना तीन गोष्टी सहज घडवता येण्यासारख्या आहेत. किनाऱ्यावरच्या तळांवरून उडणाऱ्या विमानांसाठी तळाच्या निचऱ्याची तपासणी निर्मात्याने सुचवलेल्या सरासरी मुदतीपेक्षा लवकर व्हावी, निदान पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. निचऱ्याची तपासणी कार्डावर स्वतंत्र काम म्हणून यावी, छतापासून भोकापर्यंत एकाच सहीखाली, म्हणजे सांध्यावरची जबाबदारी कुणाची हा प्रश्न उरणार नाही. आणि केबिनमधली गळतीची प्रत्येक नोंद, मग ती टपकणाऱ्या छताची असो की तुंबलेल्या सिंकची, सांगाडा आणि विद्युत या दोन्ही विभागांकडे आपोआप जावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवे संशोधनही लागत नाही. नियमात सोय आहे, ज्ञान आहे, माणसे आहेत. विमान वाहतुकीच्या नियामकाने आणि विमान कंपन्यांनी निचऱ्याला त्याची खरी जागा द्यावी. पाणी आपली वाट शोधतेच. ती कुठून जाईल हे ठरवण्याची संधी मात्र ते यायच्या आधीच असते.